आकडा तोच, श्वास वेगळा
बीएमडब्ल्यू ३ सीरिजच्या सात पिढ्या आणि बॉनेटखालचं बदलत गेलेलं यंत्र

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सध्या दोन बीएमडब्ल्यू शेजारी शेजारी उभ्या असतात. एक बरीच जुनी, उन्हानं पुढच्या दिव्यांची काच पिवळट पडलेली. दुसरी तुलनेनं नवी, सीटवरचं प्लास्टिक परवाच निघावं अशी. दोघींच्या डिक्कीवर अक्षरं मात्र एकच: ३३० आय. दिवाळीला आलेल्या भाच्यानं दोन्ही मालकांना लाडीगोडी लावून बॉनेटं उघडायला लावली आणि आत डोकावून मला हाक मारली, "मामा, हे लोक आपल्याला येडं समजतात का? नाव एक आणि आत भलतंच!"

त्याचा वैताग खरा होता. २००५ साली आलेल्या ३३० आयमध्ये तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि ताकद होती २५८ अश्वशक्ती. २०१९ च्या ३३० आयमध्ये दोन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन आहे. त्याचीही ताकद २५८ अश्वशक्तीच. एक लिटर आणि दोन सिलिंडर कमी झाले तरी अश्वशक्ती एकानंही घटली नाही. उलट टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, ३०० न्यूटन मीटरवरून ४०० वर गेला.

हे कसं झालं, हे नीट समजलं की या गाडीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातलं बरंचसं कोडं सुटतं. आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. सायकलच्या पंपानं कधी हवा भरली असेल, तर निम्मा अभ्यास झालेलाच आहे.

आकडा खरं बोलत होता, त्या काळात

३ सीरिज १९७५ साली म्युनिकमध्ये जन्माला आली. तेव्हा नावाचा हिशेब सरळ होता. पहिला अंक गाडीचं घराणं सांगायचा, पुढचे दोन इंजिनाचं आकारमान. ३१६ म्हणजे ३ सीरिजमधली १.६ लिटरची गाडी, ३२० म्हणजे दोन लिटरची. शेवटी 'आय' असेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरमधून न ओघळता इंजेक्शननं फवारलं जातं. 'डी' असेल तर डिझेल.

आता लिटर म्हणजे काय, ते आधी. सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो, इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या दट्ट्यासारखा. तो तळापासून वर येताना जितकी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरांची मिळून बेरीज केली की इंजिनाचे लिटर निघतात. हा मापाचा आकडा आहे, ताकदीचा नव्हे. पण त्या काळी मोठं माप म्हणजे जास्त ताकद हे समीकरण ढोबळपणे जुळायचं, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

पुढे गडबड सुरू झाली. १९९५ च्या सुमाराला ३२३ आय नावाची गाडी आली, तिचं इंजिन अडीच लिटरचं होतं. ३२५ पेक्षा ती जरा सौम्य करून ठेवलेली, म्हणून नावही जरा खालचं. पुढे तर आकडा हा सरळ दर्जा झाला, सरकारी नोकरीतल्या वेतनश्रेणीसारखा. आजच्या पिढीत ३१८ आय, ३२० आय आणि ३३० आय या तिघींतही दोन लिटरचं एकाच कुळातलं इंजिन आहे. १५६, १८४ आणि २५८ अशी ताकदीची मात्रा तेवढी वेगवेगळी. मला व्यक्तिशः ही पद्धत आवडत नाही, पण अख्ख्या बाजारानं ती स्वीकारली आहे.

पिढी ओळखायची खूण

मग जाणकार मंडळी काय बघतात? ते कंपनीच्या कारखान्यातलं संकेतनाम विचारतात. 'ई ३०', 'ई ४६', 'एफ ३०', 'जी २०' ही ती नावं. यातलं 'ई' हे विकास या अर्थाच्या जर्मन शब्दाचं, एंटविकलुंगचं, आद्याक्षर. ईचे आकडे संपत आल्यावर एफ आला, मग जी. या दोन अक्षरांना वेगळा अर्थ नाही.

नवी पिढी म्हणजे नुसते दिवे आणि बंपर बदलणं नव्हे. ते तीन-चार वर्षांनी होतंच, त्याला डागडुजी म्हणू. पिढी बदलते तेव्हा पत्र्याच्या आतला सांगाडा, चाकांची बैठक, विजेच्या तारांचं जाळं हे सगळं नव्यानं आखलं जातं. घराला रंग देणं आणि घर पाडून त्याच जागेवर पुन्हा बांधणं, इतका तो फरक. पहिली ३ सीरिज साधारण ४.३५ मीटर लांब होती, आजची ४.७१ मीटर आहे. म्हणजे सात पिढ्यांत मिळून ती हातभराहून थोडी कमी वाढली.

या घराण्याचं मूळ मात्र १९७५ च्या आधीचं आहे. १९५९ साली बीएमडब्ल्यू इतकी खंगली होती की डाइम्लर-बेंझच्या ताब्यात जाता जाता वाचली. मग 'नॉयं क्लासं', म्हणजे नवा वर्ग, या नावानं तिनं मध्यम आकाराच्या, चपळ, चार दरवाज्यांच्या गाड्या काढल्या. पहिली १५०० ही १९६१ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. त्यांच्याच भांड्यातून १९६६ पासून दोन दरवाज्यांच्या छोट्या गाड्या निघाल्या आणि १९६८ च्या २००२ या मॉडेलनं कंपनीचा स्वभाव ठरवून टाकला. ३ सीरिज ही त्या २००२ ची वारस.

कावड आणि कुलूप

सात पिढ्यांत जवळपास सगळं बदललं, पण एक गोष्ट मुख्य गाडीत कधीच बदलली नाही. इंजिन पुढे उभं, म्हणजे लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेनं. ताकद जाते मागच्या चाकांना.

हे कळण्यासाठी बॉनेट उघडायचीही गरज नाही. रस्त्यात एखादी ३ सीरिज दिसली तर पुढचं चाक आणि पुढचा दरवाजा यांच्यातलं अंतर बघा. चाकाच्या कमानीपासून दरवाज्याच्या फटीपर्यंत पत्र्याचा चांगला रुंद पट्टा दिसेल. शेजारच्या साध्या हॅचबॅकमध्ये तिथं जेमतेम वीतभर जागा असते. हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं ठेवून पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसवलेलं असतं. इथं ते चाकांच्या मागे, चालकाच्या पायांकडे सरकवलेलं आहे.

कशासाठी? खांद्यावरची कावड आठवा. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असतील तर माणूस झपझप चालतो, वळतो, वाटेतला खड्डा चुकवतो. एकच घागर भरलेली असेल तर वळताना अंग त्या बाजूला ओढलं जातं. गाडीचंही तसंच. पुढच्या आणि मागच्या चाकांवर निम्मं निम्मं वजन असावं, हा या कंपनीचा जुना हट्ट आहे. बॅटरी डिक्कीत नेऊन ठेवण्यासारख्या युक्त्याही त्यासाठीच.

मागच्या चाकांना ताकद देण्याचं कारण थोडं वेगळं. टायरची रस्त्यावरची पकड ही ठरावीक असते. त्याच पकडीतून वळायचंही असतं आणि पुढे ढकलायचंही. एका हातात भाजीची जड पिशवी धरून त्याच हातानं कुलूप उघडायचा प्रयत्न केला तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या चाकांना दोन्ही कामं दिली की तीच तऱ्हा होते. म्हणून इथं कामाची वाटणी केली आहे. पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. शिवाय वेग घेताना वजन मागे झुकतं, नेमकं जिथं ढकलायला पकड हवी तिथंच.

फुकट काहीच नसतं. ताकद मागे न्यायला गाडीच्या पोटातून एक लांब दांडा जातो आणि त्याच्यासाठी मधोमध बोगदा ठेवावा लागतो. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायांत येणारा उंचवटा तो हाच. पाच माणसांच्या कुटुंबानं ही गाडी घ्यायची ठरवलीच, तर त्या जागेवर कोण बसणार यावर आधी एकमत करून घ्यावं. ओल्या रस्त्यावर जुन्या पिढ्यांचा मागचा भाग निसटायचा, तो आणखी एक हिशेब. वळणात घाबरून एकदम पाय काढला की मागची चाकं कोन बदलायची आणि गाडी शेपूट फिरवायची. १९९० च्या ई ३६ मध्ये मागच्या चाकांना अनेक दांड्यांची नवी बैठक दिली, तेव्हा ही खोड बरीचशी गेली. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांच्यासाठी चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती असते. तिची सुरुवात १९८५ च्या ३२५ आयएक्सपासून झाली. आज तिला एक्सड्राइव्ह म्हणतात.

सहा भोई

३ सीरिजला सहा सिलिंडरचं इंजिन १९७७ मध्ये मिळालं आणि तेव्हापासून त्याची कीर्ती 'मलईसारखं फिरतं' अशी झाली. हे जाहिरातीतलं कौतुक नाही, त्यामागे साधी भूमिती आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वाटतं की झालं समसमान. पण पिस्टन ज्या दांड्यानं क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेला असतो तो जोडदांडा तिरका होतो आणि त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगानं धावतो, खालच्या अर्ध्या भागात जरा रेंगाळतो. साहजिकच वरच्या दोघांचा धक्का आणि खालच्या दोघांचा धक्का पुरता फिटत नाही. दर फेरीत दोनदा थोडी थरथर उरते. चार सिलिंडरची गाडी सिग्नलला उभी असताना आरशात मागचं दृश्य किंचित थरथरतं, त्यात या उरलेल्या धक्क्याचाही हात असतो.

एका ओळीत सहा सिलिंडर असले की पिस्टनच्या तीन जोड्या होतात आणि त्या एकमेकींपासून फेरीच्या एक तृतीयांश अंतरावर असतात. एकीचा उरलेला धक्का बाकीच्या दोघी बरोबर खोडतात. पालखीचे मुरलेले भोई पाहिलेत? ते मुद्दाम पावलं जुळवत नाहीत. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकलं तर पालखी हिंदकळेल. पावलं ठरवून मागेपुढे पडतात, म्हणून आतली मूर्ती हलत नाही. सहा सिलिंडरांचं रहस्य तेच.

आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ही थरथर मारायला इंजिनाच्या दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे वजनी दांडे बसवतात. थरथर खूप कमी होते. पण दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवल्या तर फरक कानांना आणि तळव्यांना कळतो. भाच्याच्या भाषेत, नवी गाडी 'काम करते' आणि जुनी 'गाते'.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

आता मूळ कोड्याकडे. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं म्हणजे ती हवेवर चालते, पेट्रोल हे तोंडीलावणं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. पेट्रोल फवारणं सोपं आहे, हवं तितकं फवारता येतं. अवघड काम आहे तेवढी हवा आत घेणं. ताकद वाढवायची म्हणजे जास्त हवा आत घ्यायची, आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक सुधारणा या ना त्या वाटेनं त्यासाठीच झाल्या.

जुनी ३३० आय घ्या. चार झटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो. कमाल ताकद मिनिटाला ६६०० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे मिनिटाला तीन लिटरचे ३३०० श्वास, एकूण ९९०० लिटर हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. त्या बॉनेटखाली दीड हजार प्रेक्षकांचं भरलेलं नाट्यगृह श्वास घेत असतं म्हणा ना.

ही हवा आत येते झडपांमधून. झडपांची उघडझाप एका फिरत्या दांड्यावरचे उंचवटे करतात, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. अडचण अशी की सावकाश चालताना झडप जितका वेळ उघडी हवी, तितक्यानं भरधाव इंजिनाचं भागत नाही. दुपारी लोकलचं दार चार सेकंद उघडं राहिलं तरी चालतं, संध्याकाळी सहाला तेवढ्यात निम्मी माणसं फलाटावरच राहतात. १९९२ मध्ये सहा सिलिंडरच्या इंजिनात व्हॅनोस नावाची योजना आली. ती तेलाच्या दाबानं कॅमशाफ्ट थोडा पुढेमागे फिरवते आणि झडपेची वेळ इंजिनाच्या वेगाप्रमाणे सरकवते. आधी फक्त आत घेणाऱ्या झडपांसाठी, १९९८ च्या ई ४६ पासून बाहेर सोडणाऱ्या झडपांसाठीही.

पुढची कल्पना मला सगळ्यांत हुशार वाटते. साध्या पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक पडदा असतो, थ्रॉटल. आपण पाय हलका ठेवला की तो जवळजवळ मिटतो. उसाच्या रसाची नळी चिमटीत दाबून रस ओढून बघा, गाल आत जातात, दमायला होतं. शहरातल्या गर्दीत इंजिन दिवसभर हेच करत असतं आणि त्यात पेट्रोल फुकट जातं. २००१ मध्ये ३१६ टीआय कॉम्पॅक्टमध्ये आलेल्या व्हॅल्वट्रॉनिकनं नळीवरची चिमटी सोडून दिली. पडदा उघडाच ठेवायचा आणि थोडी हवा हवी असेल तर झडपच थोडी उघडायची, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पूर्ण हवी तर साडेनऊ मिलिमीटरच्या पुढे. नळी मोकळी, घोट मात्र लहान. पार्किंगमधल्या जुन्या ३३० आयमध्ये व्हॅनोस आणि व्हॅल्वट्रॉनिक दोन्ही आहे, शिवाय वजन कमी करायला मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्र बांधणीचा इंजिनाचा ठोकळा. स्वतःच्या फुप्फुसांवर श्वास घेणाऱ्या इंजिनांचा तो जवळजवळ शेवटचा शब्द होता.

लोहाराचा भाता

आणि मग भाता आला. तसा तो आधी एकदा येऊन गेला होता.

लोहाराच्या भट्टीतले निखारे तेच असतात, कोळसाही तेवढाच. भाता चालवला की तीच भट्टी पांढरीशुभ्र होते. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. फरक इतकाच की तो चालवायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. इंजिनातून जळालेला वायू धुराड्यातून बाहेर पडतो तेव्हा इंधनातल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपात सोबत नेतो. तो वायू वाटेत एका छोट्या भिंगरीवर सोडला की ती मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी, ती ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते.

१९७३ मध्ये २००२ टर्बो आली होती, १७० अश्वशक्तीची. तिची कथा करुण आहे. तेलसंकट नेमकं तेव्हाच आलं आणि अवघ्या १६७२ गाड्यांवर काम थांबलं. पण दोष यंत्रातही होता. पाय दाबला की काही क्षण काहीच होत नसे, आणि मग मागून कोणी लाथ घालावी तशी गाडी सुटे. भिंगरीला वेग यायला लागणाऱ्या या वेळेला टर्बो लॅग म्हणतात.

दुसरी पंचाईत उष्णतेची. सायकलच्या टायरमध्ये जोरात हवा भरली की पंपाचं टोक चटका देतं. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणहून पेटू लागतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. ते टाळायला त्या जुन्या गाडीत सिलिंडरमध्ये हवा दाबायचं प्रमाणच कमी ठेवलं होतं, ६.९ पट. भाता दिला आणि भट्टीच लहान केली, असा प्रकार.

२००६ च्या ३३५ आयपर्यंत या दोन्हींवर उपाय सापडले होते. एका मोठ्या भिंगरीऐवजी दोन छोट्या बसवल्या, त्या चटकन वेग घेतात. दाबलेली हवा थंड करायला वाटेत जाळी ठेवली. आणि पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं. माठाच्या अंगावरून पाणी उडून जाताना आतलं पाणी गार होतं, तसं पेट्रोलची वाफ होताना सिलिंडरमधली हवा गार होते. ३०६ अश्वशक्ती आणि १३०० फेऱ्यांपासूनच ४०० न्यूटन मीटर. लाथ गेली, रेटा आला.

मग २०१२ ची एफ ३० पिढी. इथं भाते सगळ्यांनाच मिळाले. टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन यादीतून गेलं आणि ३२८ आयमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आलं. त्याचा टर्बो एकच, पण दोन तोंडांचा. सिलिंडर १-४ आणि २-३ यांचा धूर वेगळ्या वाटांनी भिंगरीवर सोडला जातो, म्हणजे एकाचा फुत्कार दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. युरोपातले प्रदूषणाचे आणि इंधनवापराचे नियम कडक होत होते, त्या रेट्यात मधुर आवाजापेक्षा मोजमापं महत्त्वाची ठरली. रसिकांनी बोटं मोडली, आणि त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही.

आता गणित पुरं करू. नव्या ३३० आयमध्ये कमाल ताकद ५००० फेऱ्यांपासूनच मिळते. दोन लिटर गुणिले २५०० श्वास म्हणजे ५००० लिटर. भात्यानं हवा साधारण दुप्पट दाबली तर आत गेली १०,००० लिटर हवेइतकी. जुनीचा आकडा काय होता? ९९००. हिशेब ढोबळ आहे, पण कोडं तिथंच सुटतं. माप लहान झालं तरी आत जाणारी हवा तेवढीच राहिली.

टॉर्क का वाढला, हे विहिरीवर समजतं. टॉर्क म्हणजे बादलीचं माप, फेऱ्या म्हणजे मिनिटाला किती बादल्या ओढल्या. अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला वर आलेलं पाणी. जुनं इंजिन लहान बादल्या भराभर ओढून शेवटी तेवढंच पाणी काढतं. नवं सुरुवातीपासूनच मोठी बादली सोडतं. २५०० फेऱ्यांवर जुनी सुमारे १०७ अश्वशक्ती देते, नवी १४२. घाटात मालट्रकला ओलांडताना आपण ६६०० फेऱ्यांवर नसतो, २५०० वर असतो.

एम ३ आणि डिझेल, थोडक्यात

एम ३ ही या घराण्यातली पहिलवान. १९८६ ची पहिली एम ३ शर्यतीच्या नियमांसाठी काढली होती आणि तिच्यात सहा नव्हे, चारच सिलिंडर होते, कारण आखूड क्रँकशाफ्ट जास्त वेगात कमी पिळवटतो. पुढे सहा, २००७ मध्ये आठ, ८३०० फेऱ्यांवर ४२० अश्वशक्ती, आणि पुन्हा सहा, पण दोन टर्बोंसह.

डिझेलची हेटाळणी १९९८ मध्ये थांबली. त्या वर्षी नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत ३२० डीनं जिंकली. इंधनाला थांबावं कमी लागलं, हे मोठं कारण. भारतात तिचं नशीब वेगळ्याच आकड्यानं उजळलं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ३२० डीचं इंजिन १९९५ सीसीचं होतं. पाच सीसीनं वाचली.

जिथं हवाच लागत नाही

इंजिनापासून चाकापर्यंत ताकद पोचवणारी जी सगळी साखळी, इंजिन, गिअरबॉक्स, दांडा, तिला पॉवरट्रेन म्हणतात. या साखळीत आता विजेची कडी जोडली गेली आहे. काही आवृत्त्यांत ४८ व्होल्टची छोटी मोटर असते, ११ अश्वशक्तीची. ब्रेक लावताना ती वीज साठवते आणि निघताना हात देते, पण एकटीनं गाडी चालवत नाही. ३३० ई ही खरी दोन इंधनांची. तिची मोटर आठ गिअरच्या गिअरबॉक्सच्या पोटातच बसवली आहे, बॅटरी मागच्या सीटखाली. बॅटरीनं जागा खाल्ली म्हणून डिक्की ४८० लिटरवरून ३७५ वर आली. मोटर आणि इंजिन मिळून थोडा वेळ, दहा सेकंदांपर्यंत, २९२ अश्वशक्ती मिळते.

पूर्ण विजेची ३ सीरिज २०२२ पासून चीनमध्ये विकली गेली, आय ३ या नावानं. त्यानंतर २०२३ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूनं विजेच्या गाड्यांच्या नव्या कुळाचा नमुना मांडला आणि नाव दिलं तेच जुनं, नॉयं क्लासं. विजेच्या मोटरला श्वासच घ्यावा लागत नाही. व्हॅनोस, झडपा, भाता हे सगळं तिथं निरर्थक आहे. कावड मात्र राहील, कारण वजन कुठं ठेवायचं हा प्रश्न बॅटरीलाही सुटलेला नाही.

---

चौकट: सात पिढ्या एका नजरेत

ई २१ (१९७५): सुरुवातीला फक्त चार सिलिंडर, १९७७ पासून सहाही. चालकाकडे कललेला डॅशबोर्ड.
ई ३० (१९८२): पहिली एम ३, पहिलं डिझेल, पहिली चारही चाकांवर चालणारी.
ई ३६ (१९९०): मागच्या चाकांची नवी बैठक, व्हॅनोस.
ई ४६ (१९९८): व्हॅल्वट्रॉनिकची सुरुवात. ३२ लाखांहून जास्त गाड्या बनल्या.
ई ९० (२००५): विनाटर्बो सहा सिलिंडरचा कळस, आणि ३३५ आय. चेन्नईच्या कारखान्यात २००७ पासून जुळणी.
एफ ३० (२०१२): सगळी इंजिनं टर्बो. दोन दरवाज्यांच्या गाड्या ४ सीरिजमध्ये गेल्या.
जी २० (२०१८ ला पॅरिसमध्ये सादर): एका सिलिंडरला अर्धा लिटर या साच्यातली इंजिनं, ४८ व्होल्ट, ३३० ई.

---

जुनी ३ सीरिज घ्यायला जाणार असाल तर एक सांगतो. डिक्कीवरचा बिल्ला सुटा विकत मिळतो आणि दोन मिनिटांत चिकटवता येतो. त्याच्याकडे बघूच नका, आधी आरसी मागा आणि सीसीचा आकडा वाचा. ३३० आयच्या आरसीवर २९९६ असेल तर आत सहा सिलिंडर आहेत, १९९८ असेल तर चार. मग बॉनेट उघडायला सांगा, आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐका.